हळदीचं पाणी

तेल आणि पाणी एका भांड्यात सुखानं राहत नाहीत, हे समजायला शाळा लागत नाही. मी चौथीनंतर शाळेत गेलो नाही, आणि त्याचं मला फार वाईटही वाटलं नाही. माझी सगळी नोकरी या दोघांना एका घरात नांदवण्यात गेली. आधी दुधाच्या डेअरीत, मग नागपुरातल्या एका फार्मसी कॉलेजात. तिथं दूध होतं, इथं औषध. मशीन तेच आणि मशीनसमोरचा माणूसही तोच.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून जे घरी आले त्यांना मी आधीच सांगून ठेवलं की शुद्धलेखन तुमचं, बोलणं माझं. एक वाक्य बदललं तर कागद परत द्यायचे. ते हसले. मी हसलो नाही.

या मशीनचं नाव होमोजिनायझर. आम्ही तिला म्हैस म्हणायचो. काळी, बुटकी, अंगानं भरलेली, आणि सुरू झाली की रेकायची. डेअरीत तिचं काम असं, की दुधातल्या लोण्याचे थेंब फोडायचे. दूध एका केसाएवढ्या फटीतून भयंकर दाबानं ढकलायचं. त्या फटीतून जाताना थेंबांच्या ठिकऱ्या होतात. एवढे बारीक झालेले थेंब मग वर तरंगत नाहीत. पिशवीतल्या दुधावर लोण्याचा थर धरत नाही तो त्यामुळे.

डेअरी बंद पडली आणि मी घरी बसलो. कॉलेजातल्या शुभदा मॅडमनी तशीच एक लहान म्हैस आणली होती, तिला चालवणारा माणूस त्या शोधत होत्या. मी गेलो. मॅडम म्हणाल्या, "काका, हे डेअरीचं काम नाही, इथं औषध आहे." मी म्हटलं, "मॅडम, म्हशीले काय माहीत तिच्या पोटात काय टाकलं ते." दुसऱ्या दिवशी कामावर लागलो.

औषधाचं काम काय ते आता सांगतो. पुष्कळ औषधं पाण्यात विरघळतच नाहीत. माणूस गोळी घेतो, गोळी पोटात फिरते, आणि बरीचशी जशी गेली तशी बाहेर पडते. रोग्याला वाटतं औषध घेतलं. रक्तात काही पोचलेलंच नसतं. पण पाण्यात न विरघळणारं औषध कित्येकदा तेलात विरघळतं. मग ते तेलात विरघळवायचं, आणि त्या तेलाचे थेंब करायचे. इतके बारीक, की पाण्यात सोडले तर डोळ्यांना दिसू नयेत. प्रत्येक थेंबाला साबणासारख्या एका पदार्थाचं पांघरूण घालायचं, म्हणजे तो शेजारच्याला जाऊन चिकटत नाही. हे जे तयार होतं त्याला नॅनोइमल्शन म्हणतात. मला तो शब्द बोलता येतो. मी मात्र पाणीच म्हणायचो. अमक्या औषधाचं पाणी, तमक्या औषधाचं पाणी.

डेअरीत पांढरंशुभ्र दिसलं की काम झालं. इथं उलटं. पहिल्यांदा म्हशीतून निघतं ते दुधासारखं गढूळ. पुन्हा घालायचं, पुन्हा काढायचं. हळूहळू ते पातळ दिसायला लागतं, मग काचेसारखं. काचेच्या नळीत घेऊन मागे वर्तमानपत्र धरायचं. अक्षरं दिसली की झालं. मला अक्षरं वाचायला वेळ लागतो, पण दिसतात की नाही ते पटकन कळतं.

आणि म्हशीला ऊन सोसत नाही. दाबानं माल तापतो, तापला की थेंब पुन्हा एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि वर तेल सुटतं. त्याला आम्ही फाटणं म्हणायचो. नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. बर्फाची लादी बारदानात गुंडाळून आणायची, फोडायची, नळीभोवती लावायची. एकदा ऐन मधात लाईट गेली. माल म्हशीच्या पोटात, बाहेर झाडाचं पान हलत नाही, बर्फाचं पाणी होऊन चाललेलं. लाईट आली तेव्हा आत सगळं फाटलं होतं. मॅडम म्हणाल्या, जाऊ द्या काका. मी त्या दिवशी जेवलो नाही. आपल्या हातून माल फाटला की जेवण जात नाही, हे डेअरीतल्या कोणालाही विचारा.

एकदा लकडगंजातला मसाल्याचा एक ठोक व्यापारी आला होता. त्याला हळदीचं टॉनिक काढायचं होतं. मॅडमनी त्याला नमुना करून दाखवला. त्यानं बाटली खिडकीशी धरली, हलवली, पुन्हा धरली.

"काका, हे तर पाणी आहे गा."

"पाणी नाही शेठजी. हळदीचा अर्क आहे त्याच्यात."

"असन. पन पब्लिकले गाढं लागते. थोडं दुधावानी करून द्या ना. मशीन कमी चालवा, बिजलीही वाचते."

"कमी चालवली तर दिसाले चांगलं दिसते, पोटात जाऊन कामाचं राहत नाही."

"पोटात कोन पाहाले जाते?"

"गाढंच पाहिजे तर बासुंदी इका शेठजी. माह्या म्हशीले तसं शिकवलं नाही मी."

मॅडम तोंड फिरवून हसत होत्या. शेठजी बाटली तिथंच ठेवून उठला, आणि दारातून जाताना म्हणाला, "बुढा बहुत अकडू आहे." मी ऐकलं. तो शब्द मी अजून जपून ठेवला आहे.

शेठजीचं टॉनिक निघालं नाही, पण हळद मॅडमच्या डोक्यात राहिली. आणि हळदीपायी मला माझ्या संजूचं सांगावं लागतं. संजू माझा मुलगा. तो आता नाही.

त्याची आई लवकर गेली. हुडकेश्वरच्या घरात आम्ही दोघंच. तो टेम्पो चालवायचा, लकडगंजातून माल भरून गावोगाव पोचवायचा. अंगानं धिप्पाड, बोलायला मोकळा, आणि खाण्याचा शौकीन. रविवारी सकाळी आमचा एक नेम होता. चौकातल्या गुड्डूच्या गाडीवर तर्री-पोहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो हरभऱ्याचा लाल रस्सा, वर तेलाचा तवंग आणि तिखट असं की कानातून वाफ निघते. संजू तर्री दोनदा मागून घ्यायचा. एका रविवारी त्यानं ताटली हातात घेतली आणि म्हणाला, "गुड्डूभाऊ, साधेच दे. तर्री नको टाकू."

गुड्डूची पळी हवेतच राहिली.

"काहून गा? पुन्याची सोयरीक आली का काय?"

सगळी गाडी हसली. संजूही हसला, पण हसताना त्याचं तोंड पूर्ण उघडलं नाही. मी बापाच्या नजरेनं पाहत होतो, मला ते दिसलं.

घरी आल्यावर म्हटलं, "तोंड उघड." तो म्हणे कायले. मी म्हटलं, उघड म्हणतो ना. गालाच्या आतली कातडी पांढरट पडली होती.

हे खर्र्याचं काम. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. पानठेल्यावाला ते प्लॅस्टिकच्या पन्नीत घेतो आणि घोट घोट घोटून ओलसर, एकजीव करून देतो. ज्याचा खर्रा जास्त घोटलेला, त्याच्या ठेल्यावर जास्त गर्दी. आमच्या विदर्भात चहा नाही मिळाला तर माणूस चालवून घेतो, खर्र्याशिवाय त्याचं चालत नाही. तो गालात धरून ठेवतात. आधी तोंड जळायला लागतं, तिखट सोसत नाही. मग आतली कातडी ताठ होते, चामड्यासारखी, आणि तोंड उघडेनासं होतं. चांगल्या माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातात. वाचता वाचता तुम्हीही घालून पाहा, लाजू नका. संजूची दोन जात होती. तिसरं दातावर अडत होतं.

मॅडमचं काम नेमकं याच दुखण्यावर चाललं होतं. हळदीचा जो खरा गुण आहे, तो या ताठ कातडीवर काम करतो असं त्यांचं म्हणणं. पण हळद पाण्यात विरघळत नाही. तुम्ही म्हणाल, आम्ही दुधात घालून पितो. प्या, आणि मग पेला धुताना तळाशी पाहा. तुमची हळद तिथं बसलेली असते. तोंडाच्या कातडीत ती शिरायची तर तिला तेलात घालून म्हशीतून काढायला पाहिजे. ते आम्ही केलं. आधी पिवळं दूध निघायचं, शेवटी स्वच्छ, सोन्याच्या रंगाचं पाणी. तपकिरी बाटल्यांत भरायचं, कारण उजेडानं हळदीचा रंग उडतो. धंतोलीतले एक दातांचे डॉक्टर या कामात मॅडमच्या सोबत होते. त्यांच्याकडे विदर्भातून अशी बंद तोंडं घेऊन माणसं यायची. त्यांतल्या ज्यांनी खर्रा सोडला, त्यांनाच हे पाणी द्यायचं, असा नियम होता.

मी संजूला धंतोलीला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, विचारलं, "खर्रा?"

"सोडला साहेब."

"केव्हा?"

"तोंडच एवढं जळते, खाईन कसा?"

ते खरं होतं. जळजळीपायी त्यानं खर्रा टाकला होता. पुढं काय झालं ते समजायचं तर त्याचं हे एक वाक्य ध्यानात ठेवा.

त्याला बाटल्या मिळाल्या. सकाळी आणि संध्याकाळी एक घोट तोंडात घ्यायचा, गालागालांत फिरवायचा, धरून ठेवायचा, मग थुंकायचं. सकाळी मी चहा ठेवायचो आणि तो बेसिनपाशी गाल फुगवून उभा. थुंकला की मी इकडून विचारायचो, "जळते का?"

तो म्हणायचा, "हाव."

रोज तेच. मग काही दिवसांनी, "थोडं थोडं." मग एक सकाळ आली, मी विचारलं, आणि तो तोंड पुसत स्वयंपाकघरात आला.

"नाही जळत बाबा."

"पाह्यजो बरं, नीट सांग."

"खरंच नाही जळत. काल मार्केटात मिरचीचं भजं खाल्लं. काही नाही झालं."

त्या रविवारी गुड्डूच्या गाडीवर मी स्वतः म्हटलं, "याच्यावर तर्री टाक." गुड्डूनं टाकली. संजूनं पहिला घास घेतला, थांबला, मग ताटली पुढं केली. "आणखी." मी माझे पोहे हातात धरून नुसता पाहत होतो. आजूबाजूच्या माणसांना सांगावंसं वाटत होतं की या पोराच्या तोंडात जे पाणी गेलं ते मी बनवलं आहे. सांगितलंही. गुड्डूला सांगितलं, गुड्डूनं सगळ्यांना सांगितलं. मी अडवलं नाही. तिसरं बोटही आता दाताशी अडत नव्हतं, थोडं रेटलं की जात होतं.

कॉलेजात जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांना आनंद झाला, पण त्या म्हणाल्या, "काका, जळजळ गेली म्हणजे दुखणं गेलं असं नाही. त्याला सांगा, जपून."

मला राग आला. मी म्हटलं, "मॅडम, ज्याच्या तोंडात आग होती त्याले विचारा गेली का नाही ते."

"गेलीच आहे काका. मी फक्त म्हणते, जपून."

मी म्हैस सुरू केली. तिच्या रेकण्यात कोणाचंच ऐकू येत नाही, ही एक सोय होती.

पुढच्या तपासणीला अजून वेळ होता. एका सकाळी मी दाढी करायला बेसिनपाशी गेलो. संजू नुकताच औषध थुंकून बाहेर गाडी पुसत होता. पांढऱ्या बेसिनमध्ये लाल पडलं होतं.

रक्त. पहिल्यांदा तेच मनात येतं. मी नळ सोडणार होतो, तेवढ्यात थांबलो. कडेनं पिवळं होतं, मधात लाल. रक्त असं नसतं. मी बोट लावून चोळलं. पाय मुरगळला की आपण हळद आणि चुना कालवून लावतो. हळद पिवळी, चुना पांढरा, आणि कालवला की लाल. तोच लाल होता तो. हळद माझ्या बाटलीतली होती. चुना कुठला, ते कोणी सांगायची गरज नव्हती.

मी दारात जाऊन हाक मारली.

"संजू, इकडे ये."

"उशीर होऊन राहिला बाबा, माल भराचा आहे."

"इकडे ये म्हणतो ना."

तो आला. मी बेसिनकडे बोट केलं. त्यानं पाहिलं आणि कडेच्या भिंतीकडे पाहायला लागला.

"केव्हापासून खाऊन राहिला?"

तो हातातला गाडी पुसायचा कपडा पिळत राहिला.

"मी तुले विचारून राहिलो."

"जळत होतं तेव्हा खाल्ला का मी? सांगा. एक दिवस तरी खाल्ला का?"

"नाही."

"खाताच येत नव्हता बाबा. गालात ठेवला का आग व्हाये. आता नाही होत." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमचं औषधच भारी आहे, त्याले मी काय करू?"

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी दोन लावून दिल्या असत्या. त्यानं ते कौतुकानं म्हटलं, जसं गुड्डूला तर्रीबद्दल म्हणायचा. वातावरण हलकं करावं म्हणून पुढं हेही म्हणाला, "तो ठेलेवालाही घोटते, तुम्हीही घोटता. मी दोघाइचं खातो."

मी हसलो नाही. मला एकदम समजलं होतं, काय झालं ते. आग होती तोवर ती त्याच्या तोंडाशी राखणीला बसली होती. खर्रा दारात आला की हाकलून द्यायची. मी तिला उठवून लावलं. आणि वरून गुड्डूच्या गाडीवर उभा राहून मिरवलो.

संजू म्हणाला, मॅडमले सांगजो नको, औषध बंद करतीन. मी त्याच दिवशी जाऊन सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. बेसिनमधल्या लालाचं ऐकून त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याला आजच धंतोलीला न्या. उद्या नाही. दुखत नाही म्हणून तो आत पाहत नसेल, आपण पाहू."

डॉक्टरांनी हातमोज्याचं बोट गालात फिरवलं. एका जागी बोट थांबलं. पुन्हा मागं गेलं, पुन्हा तिथंच थांबलं. खुर्चीत संजू छताकडे पाहत होता, आणि मी डॉक्टरांच्या तोंडाकडे. डॉक्टर म्हणाले, "इथं कडक लागतंय. तुकडा काढून तपासू."

रिपोर्ट आला तेव्हा मी म्हशीपाशी होतो. माल दुसऱ्या फेरीत होता. संजूचा फोन आला. मी एका हातानं बर्फ लावत होतो, दुसऱ्या हातानं फोन धरला.

"बाबा, तेच निघालं."

मी म्हटलं, "बरं." फोन खिशात ठेवला आणि बर्फ लावत राहिलो. मॅडमना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्या जवळ आल्या आणि म्हशीच्या आवाजावर ओरडून म्हणाल्या, "काका, बंद करा. घरी जा."

"मधात बंद केलं तर फाटते मॅडम."

"फाटू द्या."

"नाही. या बाटल्याइवर दुसऱ्याइचे लेकरं हायेत."

त्या बाजूला उभ्या राहिल्या. मी माल पूर्ण काढला. नळीत घेतला, मागं वर्तमानपत्र धरलं. अक्षरं दिसत नव्हती. पुन्हा म्हशीत घातला, पुन्हा काढला, पुन्हा पेपर धरला. दिसत नव्हती. आणखी एकदा घालायला निघालो तर मॅडमनी माझ्या हातातून नळी घेतली.

"काका, माल झाला आहे. अक्षरं दिसतात. तुम्ही डोळे पुसा."

ऑपरेशन झालं. गालाचा आणि जबड्याचा भाग काढला, जिभेचाही थोडा. मग रेडिएशनचे शेक दिले. मी धंतोलीच्या डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, "साहेब, हे औषधानं झालं का?"

"नाही. खर्र्यानं."

"औषध नसतं तर यानं खर्रा खाल्ला नसता."

"नसता कदाचित. आणि कदाचित हे त्याच्या आधीच आत सुरू झालेलं होतं. शेषराव, मला ते सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

त्यांनी खरं सांगितलं, त्याबद्दल मी त्यांना मानतो. पण तेव्हापासून ती गोष्ट माझ्यात तशीच आहे. काही केल्या विरघळत नाही.

मी काम सोडलं. मॅडम म्हणाल्या होत्या, रजा घ्या. मी म्हटलं, म्हशीला दुसरा माणूस लावा. संजूला नाकातून नळी होती. सगळं जेवण त्या नळीतून द्यायचं, पाण्यासारखं पातळ करून. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं, अंगात ताकद राहायला पाहिजे, वरणात तेल घालत जा. तेल घातलं तर ते वर तरंगायचं, नळीला आतून चिकटायचं, आणि नळी बंद व्हायची. मग संजूला त्रास.

मी घरचा मिक्सर घेतला. त्यात डाळीचं पाणी, भात, तेल, आणि उकडलेल्या अंड्याचं पिवळं. त्या पिवळ्यात तो साबणासारखा गुण असतो, तेलाच्या थेंबाला पांघरूण घालतो. थांबून थांबून फिरवायचं, तापू द्यायचं नाही. मग मलमलीच्या कपड्यातून गाळायचं. पेल्यात घेऊन थोडा वेळ ठेवून पाहायचं, वर तेल सुटतं का. सुटत नव्हतं. पुन्हा कधी नळी बंद पडली नाही. संजू खाटेवरून पाहत राहायचा. त्याला बोलता येत नव्हतं, तो मोबाईलवर लिहायचा. एकदा लिहून दाखवलं, "लहान म्हैस." मी म्हटलं, "हाव, वगार आहे." त्याचे खांदे हलले. हसताना त्याचे खांदेच हलायचे आता.

मॅडमचं काम पुढं पूर्ण झालं. ज्यांनी खर्रा खरंच सोडला होता, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना फायदा झाला, असं त्या घरी येऊन सांगून गेल्या. मी ते नाकारत नाही. पाणी चांगलंच होतं, म्हशीनं कुठं कसूर केली नाही. अजून ते दुकानात मिळत नाही, त्याला पुष्कळ परवानग्या लागतात म्हणे. मॅडम आता पहिल्या दिवशीच प्रत्येकाला समोर बसवून सांगतात, जळजळ आधी जाईल, दुखणं नंतर, आणि या दोन्हींच्या मधात तुम्ही तुमच्या भरवशावर आहात. हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर म्हणून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे का काका. मी मान डोलावली. हे लिहायला बसलो तो त्या वाक्यासाठीच. ज्यांच्या घरात कोणाचं तोंड जळतं, त्यांनी ते वाचावं.

दुखणं परत आलं. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलं. त्याचं वजन माझ्यापेक्षा कमी झालं होतं. तोंडात एक बोट आडवं जात होतं, तेवढंच.

एका रविवारी सकाळी त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. लिहिलं होतं, "तर्री."

मी म्हटलं, "बह्यताड आहे का? नळीतून देऊ का तर्री?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि जिभेकडे बोट दाखवलं. जिभेला चवीपुरता थेंब लावायला डॉक्टर नाही म्हणाले नव्हते. मी डबा घेऊन चौकात गेलो. गुड्डूनं मला पाहिलं, डबा पाहिला. वरचा तवंग पळीनं ओढून ओढून डब्यात भरला, सगळी लाली त्यात आली. मी गाडीवरच्या गर्दीतून वाट काढत घरी आलो.

खाटेवर त्याच्या उशाशी बसलो. त्याचं डोकं माझ्या हातावर घेतलं. तर्रीत बोट बुडवलं आणि ओठांच्या फटीतून आत नेऊन जिभेच्या उरलेल्या भागावर ठेवलं. त्यानं डोळे मिटले. मी वाट पाहिली. तिखट एवढं होतं की माझं बोट आदल्या दिवशी थोडं कापलं होतं, तिथं मलाच झोंबत होतं.

"जळते का?" मी विचारलं.

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहून मान हलवली. नाही.

"थोडं तरी? पाह्यजो बरं, नीट सांग."

नाही.

मी तर्रीत पुन्हा बोट बुडवलं.